कापसाच्या खोलीतला हुंकारा

लग्नाच्या व्हिडिओत माणसांचं बोलणं कधीच ऐकू येत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? नवरीचा बाप डोळे पुसत काहीतरी सांगत असतो, मावशी कुणावर तरी खेकसत असते, पंगतीतला एखादा म्हातारा कॅमेऱ्याकडे बघून हात हलवत ओरडत असतो, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर एकच गाणं. ते गाणं चढवणारी बाई मी. जळगावात एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून कित्येक वर्षं मी हेच करतेय. मूळ आवाज बंद, वर गाणं, पाठवणीला सनई. अर्ध्या खान्देशातल्या व्याह्यांना मी मुकं करून ठेवलंय म्हणा ना.

त्यामुळे मी पॉडकास्ट करणार म्हटल्यावर घरात हसाहशी झाली. आमचे हे म्हणाले, "तू? तू आयुष्यात कधी कुणाचं ऐकून घेतलंयस का?" खरं होतं. पण खरं बोललं की राग येत नाही, असं कुणी सांगितलं? त्या दिवशी मी वरणात मीठच टाकलं नाही.

मला आपलं कुतूहल होतं. चित्र नाही, गाणं नाही, नुसता आवाज. अशा आवाजात माणूस टिकतो कसा? आमच्या स्टुडिओत येणारी पोरं कानात ती बटणं घालून तासन्‌तास काय ऐकतात आणि मधेच एकटीच का हसतात? मला ते करून बघायचं होतं.

गोष्टी कुणाच्या, हा प्रश्न पडलाच नाही. फुईच्या. फुई म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. तुमच्याकडे आत्या म्हणतात, आमच्याकडे फुई. तिचे यजमान ते फुवा. गिरणेच्या काठी, भडगावपासून थोडं आत त्यांचं गाव. लहानपणी सुट्टीत आम्ही तिथं जायचो आणि जेवणं झाली की फुई गोष्ट सांगायची. तिची अट एकच, हुंकारा पाहिजे. सांगणाऱ्यानं एक वाक्य सांगायचं, ऐकणाऱ्यानं 'हं' म्हणायचं, मग पुढचं वाक्य. 'हं' आलं नाही तर गोष्ट तिथंच थांबली. हुंकाऱ्याशिवाय सांगितलेली गोष्ट माणसं ऐकत नाहीत, भुतं ऐकतात, असं फुईचं म्हणणं. आम्ही पोरं हुंकारा देता देता घोरायला लागायचो, म्हणून ते काम कायमचं फुवांकडे गेलं. ते खाटेवर आडवे, गालात सुपारी, आणि अगदी बरोबर जागी 'हं'. दिवसभर त्या दोघांचं हाडवैर असल्यासारखं भांडण चालायचं. गोष्टीपुरता समेट.

गेल्या उन्हाळ्यात फुवांना लकवा मारला. हातपाय हळूहळू बरेचसे परत आले, काठी धरून ते ओट्यापर्यंत चालायला लागले. वाचा मात्र गेली ती गेलीच. उरलं एवढंच, 'हं'. चहा देऊ का? हं. ऊन लागतंय का? हं. कधी म्हणायचे, कधी म्हणायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, लहर आली की म्हणतात. धुळ्याच्या डॉक्टरांनीही हात झटकले. किती समजतं ते सांगता येत नाही म्हणाले, तो 'हं' नुसती जुनी सवयही असू शकते.

डॉक्टरांचं ते वाक्य घरात शिरलं आणि मग एक विचित्र प्रकार सुरू झाला. सगळे जण फुवांच्या समोर बसून फुवांबद्दल बोलायला लागले. त्यांना मऊ भात द्या, त्यांना आत न्या, त्यांचं आता काही खरं नाही. माझा आतेभाऊ धुळ्याला नोकरीला आहे. पोरगा गुणाचा, बापावर जीव टाकणारा. त्यानं ठरवलं की घरातला कापूस विकला की नाना आणि आई दोघांना धुळ्याला न्यायचं. लिफ्टची इमारत, दवाखाना कोपऱ्यावर, काळजी मिटली. हेही त्यानं फुवांच्या उशाशी बसूनच ठरवलं. फुवांना विचारलं नाही. विचारणार कसं, आणि विचारून उत्तर काय येणार?

मी माइक घेऊन पहिल्यांदा गेले, तेव्हा फुई मला चुलीपाशी घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "माले येकच समजी लेनं शे, माय. मी दिनभर बोलस ते मानूससंगे बोलस का भितसंगे?" आपण माणसाशी बोलतोय की भिंतीशी, एवढंच तिला हवं होतं. त्यापुढे धुळे काय, भडगाव काय, तिला सारखंच. मी काय सांगणार? मी आपली गोष्टी घ्यायला आले होते. तिच्या पदराला माइक लावला आणि विषय बदलला.

माइकचीही एक कथाच आहे. पदराला लावायचा छोटा माइक मी ऑनलाइन मागवला, त्याची क्लिप पहिल्याच दिवशी तुटली. मग दोरीवरचा कपड्यांचा चिमटा. वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून माइकवर बाळाचा पायमोजा. रेकॉर्डिंग मोबाइलवर, कापाकापी स्टुडिओतल्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर. त्याचा पंखा सुरू झाला की शेजारचा विचारायचा, पिठाची गिरणी कधी टाकली? माइक एकच असल्यामुळे तो फुईला. फुवांचा 'हं' जो काय लांबून येईल तेवढाच.

पण माइकपेक्षा वैताग दिला तो गावानं. लोकांना वाटतं खेडं म्हणजे शांतता. कुठली शांतता आली! फुईनं 'एक आटपाट नगर' म्हणायला तोंड उघडलं की कोंबडा आरवणार, गिरणी सुरू होणार, भंगारवाल्याचा भोंगा येणार, शेजारीण भिंतीवरून विचारणार, "व अक्का, लसूण शे का?" पुढच्या खोलीत करून बघितलं तर पत्र्याखाली आवाज घुमायचा, फुई विहिरीत बसून बोलतेय असं वाटायचं. मी गोधड्या टांगल्या. दारावर चटई लावली. काही उपयोग नाही. मी इतकी चिडले की पायमोजा फेकून दिला, आणि तो जाऊन पडला मागच्या खोलीत, कापसावर.

आमच्याकडे कापूस वेचला की लगेच विकत नाहीत. भाव येईल, भाव येईल करत घरातच भरून ठेवतात. ती मागची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरली होती. दारापाशी दोन खाटा मावतील एवढीच जागा मोकळी. पायमोजा काढायला मी आत गेले आणि आत जाताच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कानांत दडे बसल्यासारखं झालं. मी टाळी वाजवली. टाळी हातातच विझली. पुन्हा वाजवली. कोंबडा, गिरणी, लसूण मागणारी शेजारीण, सगळं बाहेर राहिलं होतं. मुंबईकडचे लोक असल्या खोलीसाठी भिंतींना काय काय चिकटवतात म्हणे! फुईकडे ती फुकट तयार होती. मी ओरडले, "फुई, स्टुडिओ सापडला!" ती म्हणाली, "पहिले अंग खाजाडशी, मंग सांगजो." तेही खरंच निघालं. घरात साठवलेल्या कापसानं अशी खाज सुटते की विचारू नका. ते रेकॉर्डिंग नीट ऐकलं तर मधे मधे खर्र खर्र असा आवाज येतो. ते आम्ही तिघं खाजवतोय.

एक अडचण अजून होती. दिवसा गोष्ट सांगायची नसते, मामा वाट चुकतो. हे तुम्हीही ऐकलं असेल. फुईच्या मुलाचा मामा म्हणजे माझे वडील. मुक्कामाला मी राहू शकत नव्हते, दिवसाच करणं भाग होतं. फुईनं बराच वेळ विचार केला. मग कापसाच्या खोलीचं दार लावायला सांगितलं, आत मिट्ट काळोख झाला, तशी म्हणाली, "अंधार शे ना? मंग रातच शे." तरी प्रत्येक गोष्टीआधी मला वडिलांना फोन लावायला लावायची. "घर शे ना तू? मंग आते कोठे जाऊ नको." वडील बिचारे दुपारभर जळगावात घरात अडकून. एकदा दाढी करायला म्हणून गुपचूप निघाले आणि नेमके उलट्या रस्त्याला लागले, असं आई सांगते. खरं-खोटं देव जाणे.

असं करत करत बऱ्याच गोष्टी जमल्या. फुई खाटेवर, समोरच्या खाटेवर फुवा, मी दाराशी मोबाइल धरून. फुई वाक्य संपवायची, थांबायची. काळोखातून 'हं' यायचा. पुढचं वाक्य. सोबत म्हणून तिनं त्यांना तिथं बसवलंय, असं मी समजत होते.

जळगावला येऊन कापायला बसले. आता कापणं हा माझा धंदा. इंटरनेटवर एक पोरगा पॉडकास्ट कसा कापायचा ते शिकवतो, त्याचं सांगणं असं की अंऽ, हं, खोकला, श्वास, सगळं काढा. मोकळी जागा ऐकणाऱ्याला मारून टाकते. मी तेच केलं. फुवांचा एकेक 'हं' उचलून फेकला. लांबून आलेला तो आवाज कुणी कण्हत असल्यासारखा वाटत होता, खोटं का बोलू? मग सॉफ्टवेअरमध्ये शांतता आपोआप आखूड करणारं एक बटण आहे, ते दाबलं. गोष्ट कशी गुळगुळीत झाली! फुई जणू वर्तमानपत्र वाचत होती. सुरुवातीला थोडी बासरी टाकली, सवय कुठं जाते? टाकली इंटरनेटवर. सुरतेच्या मामेबहिणीचा फोन आला, पुण्याहून भाचीचा आला, सगळ्यांनी वाहवा केली. मी हवेत.

पुढच्या खेपेला मोठ्या थाटात फुईला मोबाइलवर ऐकवली. तिनं थोडंसंच ऐकलं आणि मोबाइल उलटा करून खाटेवर ठेवला.

"हाई मी नही," ती म्हणाली.

"फुई, तुझाच आवाज आहे."

"आवाज मन्हा शे. पन कोन आयकी ऱ्हायनं? मुडदासमोर सांगेल गोष्ट शे हाई." तिचे डोळे भरून आले होते आणि राग तर नाकावरच होता. "बठ्ठा लोके त्यासले मोजतस नही. तू बी पुसी टाकं?"

बठ्ठा म्हणजे सगळे. सगळे त्यांना मोजत नाहीत, तूही पुसून टाकलंस? आता मी काय चोरी केली होती का! मला राग आला. एवढं खाजवून घेऊन, एवढे एसटीचे धक्के खाऊन, वर हे ऐकायचं? मी फणकाऱ्यानं म्हणाले, "बरं बाई, टाकते परत तुझे हं." मूळ फाइल पुसलेली नव्हती, तीही काही शहाणपणानं नाही, नुसत्या आळसानं.

परत आले, मूळ फाइल उघडली आणि रागारागानंच कामाला बसले. लॅपटॉपवर आवाज दिसतो तो चढ-उतारांच्या रेघेसारखा. फुईचं वाक्य म्हणजे मोठा उंचवटा, मग सपाटी, मग बारीकसा उंचवटा, तो फुवांचा 'हं'. मोठा, बारीक, मोठा, बारीक, अशी रांग लांबपर्यंत गेलेली. लग्नाच्या व्हिडिओत मी कधी मूळ आवाजाकडे बघितलंच नव्हतं, त्यामुळे मला गंमत वाटायला लागली. एक 'हं' आखूड, एक लांब, एक शेवटी वर चढणारा, म्हणजे 'मग पुढे?' विचारणारा. एकात तर चक्क हसू. राग कुठं गेला कळलं नाही, मी एकेक 'हं' मोठा करून ऐकत बसले. आणि मग रांग एका जागी तुटलेली दिसली. मोठा उंचवटा, आणि पुढे बारीक नाहीच. नुसती सपाटी. याच जागेची शांतता त्या बटणानं खाऊन टाकली होती.

ती गोष्ट अशी. एक बाई माहेरी निघते. फडक्यात तीन भाकरी. वाटेत कावळा भेटतो, मुंगी भेटते, शेवटी नदी आडवी येते. प्रत्येकाला ती एकेक भाकर देते, आणि पुढे तिच्यावर संकट येतं तेव्हा तिघं उपकार फेडतात. फुईनं कावळ्याचं सांगितलं, फुवांनी 'हं' दिला. मग फुई म्हणाली, "मंग ती नदीवर उनी." म्हणजे नदीवर आली. काही नाही. खाट करकरल्याचा आवाज, फुईची बांगडी. "उनी ना नदीवर?" काही नाही. मला आठवलं, मी दाराशी बसून तेव्हा मनात म्हटलं होतं, फुवांना डुलकी लागली वाटतं. रेकॉर्डिंगमध्ये फुई थांबते, घुटमळते, आणि एकदम म्हणते, "थांबा, थांबा! मुंगी ऱ्हायनी!"

"हं." हा 'हं' बाकी सगळ्यांपेक्षा मोठा.

मी परत ऐकलं. मग स्वतःलाच दटावलं; माणसाला जे हवं तेच ऐकू येतं, आणि मी तर नको त्या जागी सनई टाकून लोकांना रडवणारी बाई. एक चूक, एक शांतता, योगायोग असू शकतो. मी दुसऱ्या गोष्टीची मूळ फाइल काढली, तिसरीची काढली आणि फक्त तुटलेल्या जागा शोधल्या. एका ठिकाणी फुईनं कुंभाराचं गाढव चोराला देऊन टाकलं होतं, द्यायचं होतं सोनाराला. शांतता. तिनं चूक सुधारली, हं. एका ठिकाणी गोष्टीत चूक काहीच नव्हती. फुई नुसतं म्हणाली होती, "त्या बाईना नवरा व्हता आळशी, तुमनासारखा." शांतता! लांबलचक! फुई हसते, म्हणते, "बरं बरं, तुमनासारखा नही." आणि मग, सावकाश, थोडा रुसलेला, "हं."

मी स्टुडिओत एकटीच बसून खो खो हसले आणि हसता हसता रडायलाच लागले. पुढच्या खोलीतून मालक डोकावले. त्यांना वाटलं कुठल्यातरी लग्नाची पाठवणी बघतेय. तो माणूस आत होता. आख्खा होता. चूक काढत होता, रुसत होता, भांडत होता. पटलं की हं, नाही पटलं की गप्प. आमच्यातल्या कुणाला त्या गप्प बसण्यापाशी थांबायला वेळ नव्हता. फुई थांबायची, पण तिला वाटायचं आपल्यालाच आठवलं.

मी फुईला फोन लावणार, तेवढ्यात आतेभावाचाच फोन आला. "ताई, भाव चढलाय. उद्या टेंपो येतोय कापसाला. मी गाडी घेऊन येतो, संध्याकाळी नाना-आईला घेऊन धुळ्याला निघतो. तुझं काही सामान तिकडे असेल तर बघ."

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी पकडली. लॅपटॉप काखेत, पाचोऱ्यापर्यंत उभ्यानं. गावात पोचले तोवर अंगणात टेंपो लागला होता आणि बायामाणसं चादरींत भरभरून कापूस बाहेर आणत होती. माझा स्टुडिओ डोळ्यांदेखत टेंपोत चढत होता. ओट्यावर खाट, खाटेवर फुवा, धुवट सदरा घालून तयार. त्यांच्या कपड्यांची पिशवी गाडीच्या डिकीत गेलेलीही होती.

आतेभाऊ वजनकाट्यापाशी उभा. मी म्हणाले, "आधी हे ऐक." तो म्हणाला, "ताई, आत्ता नको गं, मापं चाललीयत." मी म्हणाले, "माप राहू दे. आत्ता ऐकलं नाहीस तर मी गाडीपुढे आडवी पडेन." तो ओळखून आहे मला. ऐकायला आला. अर्धी रिकामी झालेली ती खोली आताच घुमायला लागली होती. तिथंच उभ्या उभ्या मी त्या दोघांना, आईला आणि मुलाला, मुंगीची जागा ऐकवली. आळशी नवऱ्याची ऐकवली.

आतेभाऊ कपाळ चोळत म्हणाला, "डुलकी लागली असेल, ताई. डॉक्टर म्हणालेत..."

फुईनं ऐकलंच नाही तो काय म्हणतोय ते. ती तरातरा ओट्यावर गेली, कमरेवर हात ठेवून नवऱ्यासमोर उभी राहिली. "काय हो, मन्ह्या चुका काढतस?"

"हं."

"आन माले वाटनं मी भितसंगे बोलस!" ती खाटेवर बसली, पदरानं आधी नाक पुसलं, मग डोळे. मग भर दिवसा, उघड्या ओट्यावर, लख्ख उन्हात तिनं गोष्ट सुरू केली. मी म्हणाले, "फुई, दिवसा? बाबांना फोन लावू?" तिनं हात झटकला. "चुकू दे एक दिवस."

बाई माहेरी निघाली. हं. फडक्यात तीन भाकरी. हं. कावळ्याला एक दिली. हं. "मंग ती नदीवर उनी," फुई म्हणाली, आणि थांबली.

कापूस नेणाऱ्या बायाही चादरी धरून थांबल्या. फुवांनी ओठ घट्ट मिटले होते. आतेभाऊ काहीतरी बोलायला गेला, मी त्याचा दंड धरला. त्या शांततेत मला कधी नव्हे तो एवढा वेळ गप्प बसावं लागलं. फुईनं नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मुद्दाम परत म्हणाली, "उनी नदीवर." फुवांनी मान फिरवून अंगणाकडे बघितलं, चिडलेल्या माणसासारखं.

"बरं. रस्तामा मुंगी भेटनी," फुई म्हणाली.

"हं!"

बाया हसल्या. एकीनं कडकडा बोटं मोडून दृष्ट काढली. आतेभाऊ हसला नाही. तो ओट्याच्या पायरीवर बसला, बापाच्या गुडघ्याच्या उंचीला. मग त्यानं विचारलं, सबंध वर्षात पहिल्यांदा विचारलं, "नाना, धुळाले येतस ना?"

फुवा त्याच्याकडे बघत राहिले.

"लिफ्ट शे. दवाखाना जोडेच शे." आतेभावानं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आई बी येस."

टेंपोवाल्यानं कधीतरी इंजिन बंद केलं होतं. लांब कुठंतरी गिरणी चालू होती. फुवांनी ओठ मिटलेले तसेच ठेवले, आणि या वेळी कुणी मधे बोललं नाही, कुणी त्यांच्या वतीनं उत्तर दिलं नाही, कुणी पाणी देऊ का विचारलं नाही. आम्ही सगळे थांबलो.

आतेभाऊ उठला. गाडीची डिकी उघडली. पिशवी काढली आणि ती छातीशी धरून पायऱ्या चढून वर आला, बापासमोर उभा राहिला.

"मंग हाई घरमा ठेवू?"

"हं," फुवा म्हणाले.